शेततळ्याचा निसरडा काठ

बहुतेक कुत्र्यांना पोहता येतं. मग शेततळ्यात पडलेला मोत्या बुडतो कसा? तळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या कागदामुळे! ओल्या, शेवाळलेल्या उतारावर त्याची नखं रुततच नाहीत. तो चढतो, घसरतो, पुन्हा चढतो आणि शेवटी दमून जातो.

म्हणून तळ्याला कुंपण हवंच. शिवाय बाबांना सांगा, जुने टायर दोराने एकमेकांना बांधून काठावरच्या पक्क्या खुंटापासून पाण्यापर्यंत शिडीसारखे सोडा. मोत्याला पाय रोवायला जागा मिळेल.

आणि एक पक्कं लक्षात ठेवा हं! मोत्या पाण्यात पडलाच, तर तुम्ही मुळीच उतरायचं नाही. तो कागद तुम्हालाही वर येऊ देणार नाही. जोरात ओरडा, मोठ्यांना बोलवा.