पाण्यात उतरण्यापूर्वी पट्टा ओढून पाहा



गेल्या रविवारी विहारातून बाहेर पडत असताना आमच्या गल्लीतील एका भगिनीने आम्हाला थांबविले. त्यांची मुलगी कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर दिवाळीच्या सुटीत मालवणला जाणार आहे. "दादा, तिथे म्हणे पाठीवर टाकी बांधून समुद्रात सोडतात. पोरीला पोहता येत नाही. पाठवू की नको?" असा त्यांचा सरळ प्रश्न. आम्ही ओट्यावर बसून सांगू लागलो, तर भोवती आणखी पाच-सात जण जमले. त्यातल्या तिघांच्या घरी हीच चर्चा चालू होती. तेव्हा आज या सदरात तोच विषय घ्यावा असे ठरविले.

आम्ही स्वतः दोन वर्षांपूर्वी कुटुंबासह मालवणला जाऊन आलो. रात्री मुकुंदराव आंबेडकर चौकातून गाडी सुटली आणि सकाळी आम्ही सिंधुदुर्ग किल्ल्यासमोरच्या किनाऱ्यावर होतो. पोहण्याच्या बाबतीत आमच्या घरचा इतिहास फारसा उज्ज्वल नाही. ज्या विहिरीला हात लावण्याची मनाई होती, त्या विहिरीत पोहायला शिकणार कसे? आमचे वडील शेवटपर्यंत गुडघाभर पाण्यापुढे गेले नाहीत. नव्या पिढीने समुद्राच्या तळाशी जाऊन मासे पाहावेत यात आम्हाला आनंदच आहे. मात्र कोणीतरी घाईघाईने पाठीवर काहीतरी अडकवतो आणि आपण मुकाट्याने पाण्यात उतरतो, हे आम्हाला मान्य नाही. अंगावर काय बांधले आहे, ते कशासाठी आहे आणि ते नीट बांधले आहे की नाही, एवढे प्रत्येकाने जाणून घ्यावे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. त्या टाकीत ऑक्सिजन नसतो, आपण श्वासात घेतो तीच साधी हवा गाळून आणि दाबून भरलेली असते. टाकी बहुधा अॅल्युमिनियमची, पोटात ११ लिटर पाणी मावेल एवढी. पण तिच्यात २०० बार दाबाने २,२०० लिटरच्या आसपास हवा कोंबलेली असते. मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या साधारण शंभर पट म्हणा ना! रिकामी टाकीच १४ किलोच्या आसपास भरते आणि आतल्या हवेचे वजन आणखी अडीच किलोच्या वर जाते. हवेलाही वजन असते, हे पुढे महत्त्वाचे ठरणार आहे.

ही टाकी ज्याला बांधतात ते जाकीट हा आजचा खरा विषय. खेड्यात पोरांना पोहायला शिकवताना पाठीला वाळका भोपळा किंवा झाकण बंद केलेला पत्र्याचा डबा बांधतात, हे तुम्ही पाहिले असेल. डब्यातली हवा पोराला वर धरते. स्कुबाचे जाकीट म्हणजे असाच डबा; फरक इतकाच की त्यातली हवा हवी तेव्हा वाढविता येते आणि हवी तेव्हा सोडता येते. हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो आणि बरोबर मधला तोल साधला तर पाण्यात अधांतरी तरंगतो. हा तोल साधला नाही तर माणूस तळाला आपटत, पाय झाडत जातो आणि पायाखालचे प्रवाळ मोडतो. मालवणचा हा किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, म्हणून हेही सांगून ठेवले.

पूर्वी असे जाकीट नव्हते. फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां या दोघांनी १९४३ साली पाण्याखाली श्वास घेण्याचे यंत्र बनविले, तेव्हा टाकी नुसत्या पट्ट्यांनी पाठीला बांधत. तोल सांभाळायचा तो कमरेच्या शिशाने आणि छातीतल्या श्वासाने. १९६१ साली मॉरिस फेंझी नावाच्या फ्रेंच माणसाने गळ्यात घालायची फुगणारी पिशवी आणली, तिचेच पुढे अंगभर जाकीट झाले. खोल गुहांत जाणारे पाणबुडे आजही पाठीला धातूची पाटी, तिच्यातून ओवलेला एकसलग पट्टा आणि मागे हवेची पिशवी अशी जोडणी वापरतात. मालवणला तुमच्या अंगावर येईल ते साधे जाकीटच.

आता जोडणी. होडीवर ती तिथली मुलेच करतात, आपण करायची नसते. पण पाहायला कोणी मनाई करीत नाही. टाकी उभी करून तिच्यावर जाकीट वरून सरकवतात आणि जाकिटाचा रुंद पट्टा टाकीभोवती आवळतात. येथे एक बारीक गोष्ट आहे. हा पट्टा नायलॉनचा असतो आणि नायलॉन भिजले की सैल पडते. कोरडा पट्टा कितीही घट्ट आवळला तरी पाण्यात गेल्यावर टाकी घसरू शकते. म्हणून पट्टा आधी भिजवायचा आणि मग आवळायचा. आवळून झाले की जाकीट वरच्या पकडीला धरून उचलायचे व हिसका द्यायचा. टाकी तसूभरही हलता कामा नये.

आमच्या भाच्याच्या बाबतीत हेच घडले. होडीत बसल्या बसल्या आम्ही सहज त्याच्या टाकीला हात लावून वर ओढले, तर ती दोन बोटे सरकली. तिथल्या मुलाला दाखविले. तो जरासा ओशाळला, पण वाद न घालता पट्टा सोडून, भिजवून पुन्हा आवळला. टाकी पाण्यात पट्ट्यातून निसटली असती तर तोंडातली नळीच ओढली गेली असती.

त्यानंतर टाकीच्या तोंडावर रेग्युलेटर बसवितात. घरी गॅसची टाकी बदलताना आपण आतले रबरी वायसर जागेवर आहे ना हे बघतो. इथेही तसेच. वायसर चिरलेले असेल तर हवा फुसफुसते आणि आवाज लगेच ऐकू येतो. रेग्युलेटरपासून चार नळ्या निघतात. श्वासाची एक उजव्या खांद्यावरून येते, दुसरी जादा नळी सोबत्यासाठी असते, एक दाब दाखविणाऱ्या काट्याकडे जाते आणि एक डाव्या बाजूने जाकिटाला जोडतात. टाकीचा कॉक हळूहळू उघडायचा, काट्याची काच तोंडासमोर धरायची नाही. काटा २०० च्या आसपास यायला हवा. मग काट्याकडे बघत चार-पाच श्वास घ्यायचे. श्वासागणिक काटा खाली झुकून पुन्हा वर येत असेल, तर कॉक पूर्ण उघडलेला नाही असे समजावे. वरती हा श्वास पुरेसा वाटतो, खोलवर गेल्यावर तो कमी पडतो.

जाकिटाच्या डाव्या खांद्यावरून लोंबणाऱ्या नळीला दोन बटणे असतात. बहुतेक जाकिटांत बाजूच्या बटणाने हवा भरते आणि टोकाच्या बटणाने सुटते. नमुन्याप्रमाणे जागा बदलू शकते, म्हणून कोणते कशाचे हे आधी विचारून घ्यावे. दोन्ही दाबून पाहावीत. जाकीट टम्म फुगवून दोन मिनिटे ठेवले तर बसता कामा नये. हवा सोडताना नळी डोक्याच्या वर धरावी लागते, कारण हवा वरच्या बाजूलाच जमते. खांद्याला आणि पाठीमागे खालच्या कडेला आणखी झडपा असतात, त्यांची दोरी ओढली की हवा झटकन निघते.

अंगावर चढविताना आम्ही स्वतः चूक केली ती कबूल करतो. भीतीपोटी छातीचा पट्टा आम्ही इतका आवळून घेतला की जाकीट फुगविताच श्वास कोंडला. तो सैल करून पुन्हा बांधावा लागला, आमच्या सौभाग्यवती मनसोक्त हसल्या. योग्य रीत अशी की कमरेचा पट्टा घट्ट, खांद्याचे पट्टे तळहात सरकेल इतके सैल आणि जाकीट पूर्ण फुगविलेले असताना खोल श्वास घेता आला पाहिजे. मान मागे टाकली तर डोके टाकीच्या तोंडावर आपटू नये. प्रत्येक बक्कल 'टक' असा आवाज करून बसले पाहिजे आणि ते एका हाताने कसे सुटते हे ठाऊक हवे.

शिशाच्या वजनांचा पट्टा हा तर प्राण वाचविणारा पट्टा. संकटात तो एका हिसक्यात टाकून देता यावा म्हणून त्याच्यावरून दुसरा कोणताही पट्टा जाता कामा नये. किती शिसे घ्यायचे याचा एक हिशेब आहे. जाकीट रिकामे, श्वास नेहमीसारखा छातीत धरून पाण्यात उभे राहिले तर पाणी डोळ्यांच्या रेषेशी यावे. पण शेवटी टाकीतली हवा संपत आली की तेवढीच टाकी दोन किलोहून अधिक हलकी होते आणि अॅल्युमिनियमची असल्यास चक्क तरंगू लागते. तेव्हा त्याचीही सोय सुरुवातीलाच करावी लागते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड, त्यामुळे तलावात शिकलेल्याला समुद्रात थोडे जास्त शिसे लागते.

खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त झालेले आमचे शेजारी काका नेहमी सांगतात की स्वतः बांधलेली गाठ दुसऱ्याकडून तपासून घ्यावी. पाणबुड्यांतही तीच शिस्त आहे. उतरण्यापूर्वी दोघांनी एकमेकांचे जाकीट, शिसे, बक्कले आणि हवा हात लावून तपासायची. डोळ्यांनी बघणे पुरत नाही.

पाण्याखाली गेल्यावर नवख्याने बटणांना हात लावू नये. आपला मार्गदर्शक मागून टाकी धरून असतो, तो हवा कमी-जास्त करतो. त्याने टाकी सोडायची नाही, हे आधीच ठरवून घ्यावे. आपल्यासाठी नियम एकच, पण तो मोडल्यास जीवावर बेतते: श्वास रोखायचा नाही. दहा मीटर खाली हवेवरचा दाब दुप्पट होतो आणि ती निम्म्या जागेत मावते. वर येताना तीच हवा पुन्हा फुलते. श्वास रोखून वर आलात तर छातीतली हवा फुलून फुप्फुसे फाटू शकतात, अगदी दीड-दोन मीटरांवरूनसुद्धा. जाकिटाचेही तेच. वर येऊ लागले की आतली हवा आपोआप वाढते आणि माणूस बुचासारखा वर उसळतो. म्हणून वर येताना हवा भरायची नसते, थोडी थोडी सोडायची असते. भरण्याचे बटण अडकले तर जाणकार माणूस ती नळी जाकिटापासून तोडतो आणि झडपेची दोरी ओढतो.

आणि हो, अंगठा वर करू नका! आपल्याकडे त्याचा अर्थ 'छान', पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला'. अंगठा व तर्जनी जुळवून गोल केला की 'ठीक आहे'. आमच्या पुतणीने आनंदाने अंगठा दाखविला आणि पाचव्या मिनिटाला तिला वर आणले गेले.

आता सर्वांत महत्त्वाचे. हे जाकीट म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. लाइफ जॅकेट बेशुद्ध माणसाचेही तोंड पाण्याबाहेर राखेल अशा बेताने बनविलेले असते. स्कुबाच्या जाकिटाचा तसा भरवसा नसतो, त्यात माणूस पालथाही पडू शकतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. समुद्राच्या तळाशी जाऊन आलेली माणसे किनाऱ्याकडे येताना बुडाली. म्हणून टाकी उतरविली रे उतरविली की लाइफ जॅकेट चढवावे. होडीत माणसे जास्त दिसली तर पुढच्या फेरीची वाट पाहावी, मग पैसे आगाऊ दिलेले असोत.

दमा, हृदयविकार, फिट्स किंवा कानाचे जुने दुखणे असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये, गरोदर भगिनींनी मुळीच नाही. सर्दीने नाक चोंदले असेल तरीही नको. खाली जाताना दर मीटरला नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचे म्हणजे कान मोकळे होतात. चोंदलेल्या नाकाने ते जमत नाही आणि कानाचा पडदा दुखावतो. वयाची दहा वर्षे पूर्ण नसतील तर मुलांना काठावरच ठेवावे.

ज्यांना हे सर्व स्वतःच्या हाताने शिकायचे आहे त्यांच्यासाठी तारकर्लीलाच एमटीडीसीची 'इस्डा' ही संस्था आहे. पूर्ण अभ्यासक्रमासाठी २०० मीटर पोहता येणे आणि १० मिनिटे तरंगता येणे आवश्यक असते. असे अनेक दिवस बुड्या मारणाऱ्यांनी त्याच संध्याकाळी आंबोलीचा किंवा गगनबावड्याचा घाट चढू नये, एक रात्र खाली काढावी. अंगात मुरलेला नायट्रोजन उंचावर त्रास देतो. विमानासाठी तर अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास थांबावे लागते. एका उथळ बुडीनंतर घाटाची तितकीशी भीती नसते, तरी जेवून, विश्रांती घेऊन निघालेले बरे.

हे सारे ऐकून घेतल्यावर त्या भगिनीने मुलीला बोलावून घेतले आणि पुन्हा सगळे सांगायला लावले. मुलीने वहीत उतरवून घेतले. जायचे ठरले आहे, त्याआधी महिनाभर पोहण्याच्या तलावावर नाव घालायचेही ठरले. निघता निघता ताई पुन्हा मागे वळल्या. "दादा, भिजवून बांधायचा म्हणालात, तो पट्टा टाकीचाच ना?"

होय ताई, टाकीचा.