"यूपीआय बरं का बँक बरी?" असं विचारणाऱ्या पोरांसाठी

आपल्या गावातल्या क्रिकेटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी फक्त ग्राउंड कधी मोकळं आहे ते बघायला असतो. परवा तिथं मेसेज आला. आयडी घ्या, 100 रुपयांपासून डिपॉझिट, विड्रॉल पाच मिनिटांत. यूपीआय, बँक ट्रान्सफर, यूएसडीटी, सगळं चालतं. त्याखाली अजून एक ओळ होती: एजंट व्हायचंय? कमिशन दर सोमवारी, पेमेंट तुमच्या सोयीनं.

कुणी शिव्या घातल्या नाहीत. उलट एका पोरानं मनापासून विचारलं, "दादा, यूपीआय बरं का बँक बरी?" आणि दादानं त्याला नीट समजावून सांगितलं. जसं काही खताची गोणी रोखीनं घ्यावी का उधारीवर, एवढाच प्रश्न आहे.

पोरा, उत्तर मी देतो. माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे, कागद रोज माझ्यासमोर येतात. यातली कुठलीही पद्धत निवड, तू फक्त एवढंच निवडतोयस की उद्या पोलिसांच्या पत्रात नाव कुणाचं येणार. दादाचं येणार नाही, हे आधीच ठरलेलं आहे.

यूपीआयचंच बघा. क्यूआर स्कॅन केला की समोरच्याचं नाव दिसतं. गेमचं नाव कधी दिसलंय का? तिथं दिसतं कुठलं तरी ट्रेडर्स, कुठलं तरी एंटरप्रायझेस, नाहीतर सरळ एखाद्या बाईमाणसाचं नाव. सकाळी एक क्यूआर, संध्याकाळी दुसरा. ही सगळी भाड्यानं घेतलेली खाती. इंग्रजीत त्यांना म्यूल म्हणतात, म्यूल म्हणजे खेचर. ओझं वाहायचं, माल कुणाचा ते विचारायचं नाही.

आता जिंकल्यावर काय होतं ते ऐका, कारण हे कुणी सांगत नाही. तुझ्या खात्यात आलेले पाच हजार कंपनीच्या तिजोरीतून येत नाहीत. तेही अशाच एका खेचराच्या खात्यातून येतात. त्या खात्यात त्याच दिवशी कुणा पेन्शनरला 'डिजिटल अटक' करून लुबाडलेले पैसे आलेले असू शकतात. तो माणूस 1930 ला फोन करतो, तक्रार नोंदवली जाते, पैसा जिथून जिथून गेला ती खाती एकामागून एक अडवली जातात. त्या साखळीत तुझंही खातं. तू फक्त जिंकला होतास राव!

यूएसडीटीचं तर विचारूच नका. क्रिप्टोत घेतलं की कुणाला कळत नाही, असं सांगतात. पण ते रुपयात आणायला कुणाला तरी विकावं लागतं, आणि घेणारा अनोळखी माणूस ज्या खात्यातून पैसे पाठवतो ते खातं पुन्हा तसलंच असू शकतं. फिरून भोपळे चौकात.

मग एजंट का होतात पोरं? कमिशनसाठी. हे कमिशन बहुतेक ठिकाणी कशावर असतं ते विचारा एकदा. तुम्ही आणलेला माणूस जेवढा हरेल, त्यातला वाटा. म्हणजे शेजारी बसून वडापाव खाणारा दोस्त हरला तर याचा सोमवार चांगला. महादेव ॲपच्या प्रकरणात 2023 मध्ये ईडीनं हेच मांडलं होतं: सूत्रं परदेशातून, पॅनेल ओळखीच्यांना फ्रँचायजीसारखी वाटलेली, नफ्याची विभागणी 70-30. ओळखीच्यांना, हा शब्द महत्त्वाचा. हा धंदा ओळखीवरच चालतो.

जुनी माणसं म्हणतील, मटका काय कमी होता? नव्हता. कल्याण आणि वरळीच्या आकड्यांनी गिरणगावातली किती घरं खाल्ली ते सगळ्यांना माहीत आहे. पण मटक्याला खिशातली नोट लागायची, चिठ्ठी घेणारा कोपऱ्यावर दिसायचा, आणि बायकोला त्याचं घर माहीत असायचं. आता रात्री दोन वाजता पांघरुणात पगार संपतो, आणि भांडायला जायचं तर कुणाच्या दारात?

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं कायदा केला. पैशाचे ऑनलाइन खेळ बंद. खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षं आणि 50 लाखांपर्यंत. आणि नीट वाचा, पैशाचा व्यवहार करून देणाऱ्याला चालवणाऱ्याइतकीच शिक्षा, 3 वर्षं आणि 1 कोटीपर्यंत. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. म्हणजे ग्रुपवर मेसेज टाकणारा दादा जाहिरातीत बसतो आणि क्यूआर देणारा व्यवहारात. मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ लगेच थांबवले, कारण त्यांना पत्ता होता, ऑफिस होतं. ज्यांना पत्ताच नाही त्यांना काय फरक पडतोय? उलट मैदान मोकळं झालं.

मला राग बँकांचा जास्त येतो. मी पन्नास हजार काढायला गेलो की केवायसी पुन्हा द्या, पॅन दाखवा, सही जुळत नाही. आणि शिलाई मशीनवाल्या बाईच्या चालू खात्यात आठवड्याभरात लाखो रुपये येतात, त्याच तासाला निघून जातात, अर्ध्या रात्री, अर्ध्या देशातून, तेव्हा काउंटरवरच्या साहेबांना काही वाटत नाही? रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं असली खाती हुडकायला म्यूलहंटर नावाची यंत्रणा काढली आहे. चांगली गोष्ट. पण हे खातं ओळखायला एआय कशाला लागतं, पासबुकाचं एक पान पुरे.

शिलाई मशीनवाली बाई मी बनवून सांगत नाहीये. आणि आता जे लिहितोय त्यात माझंही नाव घ्या.

गेल्या वर्षी गल्लीतलाच एक एकोणीस वर्षांचा पोरगा माझ्याकडे आला. "दादा, मम्मीच्या टेलरिंगचं उद्यम काढायचंय." मी काढून दिलं. सरकारी पोर्टलवर ते फुकट असतं, मी दोनशे घेतले. त्या कागदावर त्यानं आईच्या नावानं चालू खातं उघडलं आणि एटीएम कार्ड, सिम, चेकबुक सगळं एका एजंटाला दिलं. महिन्याला पाच हजार भाडं ठरलं होतं. दोनदा मिळालं. मग दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आलं आणि बँकेनं काकूंची दोन्ही खाती गोठवली, चालू आणि बचत. बचत खात्यात लाडक्या बहिणीचे 1500 येतात. येतात अजूनही, मोबाइलवर मेसेज येतो. काढता येत नाहीत.

काकू माझ्या दुकानात आल्या होत्या. भांडल्या नाहीत. पिशवीतून उद्यमचा तो कागद काढून म्हणाल्या, "हे तूच काढून दिलंस ना रे, मग हे बंद पण करून दे." त्यांना वाटलं, कागद रद्द केला की खातं सुटेल.

मी त्या पोराला तेव्हा एक प्रश्न विचारू शकलो असतो. दुकान कुठं आहे, दाखव. एवढाच. विचारला नाही, कारण बाहेर रांग होती आणि दोनशे रुपये होते. आता विचारतो. तीन पोरं परत पाठवलीत. त्यातलं एक शेजारच्या सेंटरवर जाऊन काढून आलं, तेही मला माहीत आहे. तालुक्यातल्या सगळ्या सेंटरवाल्यांनी हा एक प्रश्न विचारायचं ठरवलं तर निम्मी खाती उघडणारच नाहीत, असं माझं मत आहे. धंदा बुडेल म्हणणाऱ्यांनी आपला हिशोब कमेंटमध्ये मांडावा, मी माझा मांडतो.

ज्यांनी कार्ड आणि सिम आधीच देऊन टाकलंय, त्यांनी आजच बँकेत लेखी अर्ज देऊन खातं बंद करायला सांगा आणि पोचपावती घ्या. सिम ब्लॉक करा. पत्र आल्यावर "मला माहीत नव्हतं" म्हणण्यापेक्षा हातात पावती असलेली बरी.

सोमवारी मी काकूंबरोबर आधी बँकेत आणि मग पोलीस स्टेशनला चाललोय. ग्रुपचा ॲडमिन माझ्याच वर्गातला आहे. मेसेज अजून तिथंच आहे. तोवर काढलास तर बरं. नाही काढलास तर स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे, नंबरासकट, तो काकूंच्याच अर्जाला जोडतो.