गोल्फची वर्गणी : महाग कोणाला, मोलाची कोणाला?



गेल्या महिन्यातील एका रविवारी मंडळाची सभा आटोपून आम्ही घरी परतलो, तो आमचा एक जुना विद्यार्थी आईला घेऊन व्हरांड्यात वाट पाहत बसलेला. वीस-बावीस वर्षांपूर्वी प्राथमिक शाळेत आम्ही त्याला मराठी शिकवले. आज तो समुद्राकाठच्या एका हॉटेलच्या गोल्फ मैदानावर गवत कापण्याचे यंत्र चालवतो. हातात एक घडी केलेला कागद होता; त्यावर एका गोल्फ क्लबाचे वार्षिक सदस्यत्वाचे दर छापलेले होते. त्याचा दहा वर्षांचा मुलगा कुंपणाबाहेर उभा राहून खेळाडूंना पाहतो, आणि घरी काठीला तारेचा वाकडा तुकडा बांधून लिंबे मारतो. मारतोही म्हणे सरळ.

‘‘गुरुजी, पोराची वर्गणी भरावी की नाही, तुम्हीच सांगा,’’ तो म्हणाला.

त्याच्या आईला मात्र हे मुळीच पसंत नव्हते. ती म्हणाली, ‘‘माझ्या सासऱ्यांनी त्याच जमिनीत ऊस तोडला. तेव्हा तिथे पाय ठेवला की मजुरी मिळायची. आता पाय ठेवायला आपणच पैसे द्यायचे काय?’’

आम्ही गप्प राहिलो. खरे सांगायचे तर दोघांचेही बरोबर होते. परंतु हा प्रश्न एका घरापुरता नाही, असे आम्हांस वाटते; म्हणून या आठवड्यात तोच विषय घेतला आहे.

उसाच्या शेतातून हिरवळीकडे

गोल्फ हा या बेटावर नवा खेळ नव्हे. वाक्वा येथील जिमखाना क्लब आपल्या स्थापनेचे वर्ष 1844 असे सांगतो. तो इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांचा क्लब होता. वाक्वाच्या परिसरात आपली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, परंतु त्या फाटकातून आत जाणारा आपला माणूस बहुधा माळी, स्वयंपाकी किंवा पिशवी वाहणारा असे. 1968 साली देश स्वतंत्र झाला आणि कायद्याच्या भिंती पडल्या. पैशाची भिंत मात्र कायद्याने पडत नसते.

पुढे साखरेचे दिवस पालटले. 1975 सालच्या लोमे कराराबरोबर युरोपने आमच्या साखरेला चढ्या भावाची हमी दिली होती. 2006 पासून चार वर्षांत तो भाव 36 टक्क्यांनी खाली आला, आणि 2009 साली ती हमीही संपली. एकेक गिरणी बंद पडत गेली. बेल ओंब्रची गिरणी तर त्याआधीच, 1999 साली थांबली होती. आज बेटावर तीनच साखर गिरण्या उरल्या आहेत. हजारो मजुरांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. हाती काही रोख रक्कम आली, जमिनीचा लहानसा तुकडा आला, आणि ऊस सुटला.

मळेवाल्या कंपन्यांकडे जमीन मात्र राहिली. 2002 साली सरकारने परदेशी लोकांना घरे विकण्याची योजना आणली. व्हिला बांधायच्या तर त्यांच्यासमोर हिरवळ हवी, म्हणून गोल्फ आला. तामारँ येथे 2006 साली, अनाहिता येथे 2008 साली मैदाने उघडली. इल ओ सेर्फचे मैदान 2003 चे, बेल ओंब्रचे 2004 चे, मोन श्वाझीचे 2017 चे. 2023 सालच्या डिसेंबरात तर बेल ओंब्रजवळच्या ला रेझर्व्ह या नव्या मैदानावर मॉरिशस ओपन ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि ज्याने त्या मैदानाच्या आखणीत हात घातला होता तो दक्षिण आफ्रिकेचा लुई ऊस्टहायझनच ती जिंकला.

अठरा खड्ड्यांच्या एका मैदानास साधारण 60 हेक्टर जागा लागते, म्हणजे आमच्या मोजणीने सुमारे 142 आर्पां. इतक्या जमिनीत किती घरांची चूल पेटत असे, हे आमच्या आजी-आजोबांना तोंडपाठ होते. तरीही आम्ही गोल्फला शिव्या देणार नाही. ऊस बुडाला तो गोल्फमुळे नव्हे, आणि आज त्याच मैदानांवर आमची मुले पगार घेत आहेत. प्रश्न इतकाच, की पगाराच्या पुढे त्यांचा तिथे काही वाटा आहे की नाही.

फळ्यावरचे गणित

मास्तरकीची सवय जात नाही, म्हणून आम्ही विद्यार्थ्याला वही उघडायला लावली. प्रत्येक क्लबाचे दर निराळे असतात. पण हिशेबाची रीत एकच. गणित सोपे व्हावे म्हणून असे समजू, की वर्षाची वर्गणी 60,000 रुपये आहे, आणि सदस्य नसलेल्या माणसाला एका खेळीचे 3,000 रुपये पडतात. भागाकार केला की उत्तर येते 20. वर्षात वीसपेक्षा कमी वेळा खेळणाऱ्याने सदस्य होऊ नये. दर वेळी पैसे देऊन खेळावे.

आता त्यात सुरुवातीचे प्रवेशशुल्क मिळवा. ते 30,000 रुपये धरले आणि पाच वर्षांवर वाटले, तर वर्षाला 6,000 रुपये वाढतात. म्हणजे 66,000, आणि वीसच्या जागी बावीस खेळी. महिन्यातून एकदा खेळणाऱ्याला प्रत्येक खेळी 5,500 रुपयांना पडेल, म्हणजे परक्या पाहुण्याहून महाग! दर आठवड्याला, वर्षातून पन्नास वेळा खेळणाऱ्याला तीच खेळी 1,320 रुपयांना पडेल. कागद तोच, वर्गणी तीच. स्वस्त की महाग हे मैदानावर किती वेळा पाय पडतो त्यावर ठरते.

परंतु दरपत्रकावर जे छापलेले नसते तेही मोजले पाहिजे. बॅटरीच्या गाडीचे भाडे वर्गणीत आहे की वेगळे? काठ्यांचा संच, बूट, हरवणारे चेंडू, शिकवणाऱ्याचे शुल्क, जाण्यायेण्याचे पेट्रोल? शनिवारी सकाळी सदस्याला वेळ मिळते, की हॉटेलचे पाहुणे आधी? अनेक हॉटेलांत खोलीच्या भाड्यातच गोल्फ धरलेला असतो. मोसमात पाहुण्यांची रांग लागली की सदस्याला दुपारच्या उन्हात ढकलले जाते. वादळ आले आणि मैदान आठवडाभर बंद राहिले, तर त्या दिवसांचे काय? 2024 सालच्या जानेवारीत बेलाल वादळाने पोर्ट लुईच्या रस्त्यांतून मोटारी वाहून नेल्या, ते आपण विसरलो नाही. हे सारे प्रश्न सही करण्यापूर्वी विचारावेत. सही केल्यावर विचारणे म्हणजे वरात गेल्यावर घोडे शोधणे.

आणि सर्वांत महाग वस्तू म्हणजे वेळ. अठरा खड्ड्यांच्या एका खेळीस चार तासांहून अधिक वेळ जातो. जाणेयेणे धरले की अर्धा दिवस गेला. आपल्याकडे सुट्टीचा अर्धा दिवस म्हणजे देऊळ, बैठका, आजारी आत्या आणि लग्नघर. तो वेळ कोठून काढायचा, याचे उत्तर दरपत्रकात मिळत नाही.

भाव कोण ठरवतो?

वर्गणी इतकी का, असे आपण विचारतो तेव्हा उत्तर मिळते की मैदानाची देखभाल महाग आहे. ते खोटे नाही. ज्या हिरवळीवर खड्डा असतो तेथील गवत 3 ते 4 मिलिमीटर उंचीचे ठेवावे लागते. त्यासाठी जवळजवळ रोज यंत्र फिरते. खत हवे, वाळू हवी, माणसे हवीत, आणि मुख्य म्हणजे पाणी हवे. कोरड्या ऋतूत आमच्या नळाला पाणी तासांच्या हिशेबाने येते, तेव्हा हिरवळ पाहून मन खट्टू होते, हेही लपवण्यात अर्थ नाही. कोणते मैदान कोणते पाणी वापरते, सांडपाणी शुद्ध करून वापरते की नदीचे उचलते, हे जाणून घेण्याचा नागरिकाला अधिकार आहे.

परंतु आमच्या विद्यार्थ्याने जे सांगितले त्यातच खरी किल्ली आहे. तो म्हणाला, ‘‘गुरुजी, मंगळवारी दुपारी दोननंतर मैदानावर कोणी नसते. तरी गवत तितकेच कापावे लागते.’’

वाचकहो, या एका वाक्यात गोल्फचे सारे अर्थशास्त्र आले. खर्च गवताचा आहे, खेळाडूंचा नव्हे. मैदानावर दहा माणसे खेळली काय आणि शंभर खेळली काय, यंत्राचे तेल तितकेच जळते. शिवाय अशा मैदानाची मोठी कमाई सदस्यांच्या वर्गणीतून होतच नाही. ती हॉटेलच्या खोल्यांतून आणि व्हिलांच्या विक्रीतून होते. हिरवळ ही दुकानासमोरची सजावट आहे. बेटावरचा साधा सदस्य त्या जमाखर्चात एक लहानशी ओळ असतो. म्हणून रिकाम्या दुपारी एखाद्या गावच्या मुलाला आत घेण्यास मालकाला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. वर्गणी चढी ठेवली जाते ती पुष्कळदा खर्च भागवण्यासाठी नव्हे, तर आत कोण असावे आणि बाहेर कोण, हे ठरवण्यासाठी.

श्रीमंत माणूस जी वर्गणी भरतो ती तरी केवळ खेळासाठी असते काय? चार तास एखाद्या बँकवाल्याबरोबर चालणे, वकिलाशी ओळख होणे, मुलाच्या नोकरीचा शब्द टाकणे, याचे मोल तो मनात धरतो. लहान बेटावर ओळख हेही भांडवल आहे. ज्यांच्या आजोबांना फाटकातून आत येऊ दिले नव्हते, त्यांच्या नातवंडांकडे ते भांडवल नसणे यात नवल नाही.

दोन उदाहरणे

ज्या स्कॉटलंडात हा खेळ वाढला, तेथील सेंट अँड्र्यूजचे मैदान खासगी क्लबाचे नाही. 1974 च्या पार्लमेंटच्या कायद्याने नेमलेला एक सार्वजनिक न्यास ते सांभाळतो. परदेशी पाहुण्याकडून तेथे भरपूर पैसे घेतात. गावच्या रहिवाशाला मात्र वर्षभराचा पास पुष्कळच कमी दरात मिळतो. आणि रविवारी, मोठ्या स्पर्धांचे दिवस सोडले तर, जगातल्या त्या सर्वांत नावाजलेल्या हिरवळीवर खेळ बंद असतो. गावातली माणसे कुत्री घेऊन फिरायला येतात. म्हणजे पाहुण्याच्या पैशावर गावाचा हक्क राखता येतो. त्यासाठी मालकाची मर्जी नव्हे, नियम लागतो.

दुसरे उदाहरण भारतातले. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब 1829 सालचा, तोही इंग्रजांचा. त्या मैदानाची निगा राखणाऱ्या एका कर्मचाऱ्याचा मुलगा तेथेच लहानाचा मोठा झाला, पिशव्या वाहिल्या, पाहून पाहून शिकला. त्याचे नाव एस. एस. पी. चौरासिया. 2008 साली दिल्लीत त्याने इंडियन मास्टर्स ही युरोपियन टूरची स्पर्धा जिंकली, आणि पुढे 2016 व 2017 अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन. त्याच्या बापाला सदस्यत्व परवडले असते काय? नाही. परंतु पोराला मैदानावर पाय ठेवू देणारे एक फाटक कोठेतरी उघडे राहिले, आणि तेवढे पुरले.

आमचे उत्तर

आम्ही विद्यार्थ्याला सांगितले, पूर्ण कुटुंबाचे सदस्यत्व घेऊ नकोस. हप्त्याने तर नकोच. खेळासाठी कर्ज काढणे शहाणपणाचे नव्हे. प्रथम विचार, लहान मुलांसाठी वेगळी वर्गणी आहे काय, आठवड्याच्या मधल्या दिवसांची आहे काय. एक वर्ष मुलाला शिकवणीपुरते पाठव. मन रमले तर पुढचे पाहू. आणि त्याची धाकटी बहीण मागे लागली, तर तिलाही ने. काठी मुलगा-मुलगी ओळखत नाही.

परंतु दुसरी गोष्ट त्याने एकट्याने करण्याजोगी नाही, ती आपण सर्वांनी करावयाची आहे. ज्या मैदानांवर आपली माणसे राबतात, त्यांच्याकडे आपल्या मंडळांनी, शाळांनी, कामगार संघांनी एक साधी मागणी न्यावी. आठवड्यातून दोन रिकाम्या दुपारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना आणि जवळच्या सरकारी शाळांतील मुलांना नाममात्र शुल्कात खेळू द्यावे. आणि पुढे जेव्हा सरकार नव्या प्रकल्पाला परवानगी देईल, तेव्हा ही अट कागदावर लिहून घ्यावी. हे दान मागणे नव्हे. या मातीत ज्यांचा घाम मुरला आहे त्यांच्या वारसांनी मागितलेला तो वाटा आहे.

आमचे वाडवडील वर्गणी या शब्दाला चांगले ओळखत होते. दिवसभर ऊस तोडून संध्याकाळी बैठकेत येत, कनवटीचे काही सेंट काढून देत, आणि त्या सेंटांतून दिवा जळे, पाटी येई, मुले अक्षर शिकत. ज्याच्याकडे सेंट नसे त्याच्या मुलालाही कोणी परत पाठवत नसे. ती वर्गणी दार उघडे ठेवण्यासाठी होती. आज दरपत्रकावर छापलेली वर्गणी पुष्कळदा दार लावण्यासाठी असते. दोहोंतला हा फरक आमच्या मुलांना कळला पाहिजे.

निघताना आजीबाईंनी विचारले, ‘‘मग गुरुजी, पैसे द्यायचे की नाही?’’

आम्ही म्हणालो, ‘‘थोडे द्यायचे, आजी. पण मागायचे मात्र पुष्कळ.’’

त्या हसल्या. नातू अंगणात होता. आमच्या लिंबाच्या झाडाखाली तीन लिंबे कमी झालेली आम्हांला नंतर दिसली.