मेंदू नाही, तरी झोप हवीच!

‘झोप काय, रिटायर झाल्यावर काढायचीच आहे!’ असं म्हणत रात्री दीडला ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज टाकणारा एक तरी मित्र तुमच्याकडे असेलच. कदाचित तो मित्र तुम्हीच असाल. मग या बाईंना भेटा. नाव कॅसिओपिया, जात जेलीफिश. उथळ समुद्राच्या तळाशी छत्री खाली आणि झिरमिळ्या वर, अशा थाटात उताण्या पडलेल्या असतात. आणि त्यांना मेंदू नाही. टोमणा नाही हं, खरंच नाही. अंगभर मज्जातंतूंचं जाळं आहे, बस्स!

आता झोप म्हणजे मेंदूची विश्रांती, असं आपण धरून चालतो. मेंदूच नसेल तर झोपायचं कशाला? अमेरिकेतल्या कॅलटेकमधल्या तीन पीएचडीच्या विद्यार्थ्यांना हाच प्रश्न पडला आणि २०१७ मध्ये उत्तर मिळालं. दिवसा बाईंची छत्री मिनिटाला साधारण ५८ वेळा उघडझाप करते, रात्री ३९ वेळा. पण नुसतं मंदावणं म्हणजे झोप नव्हे. म्हणून पोरांनी चक्क त्यांच्याखालचा तळच काढून घेतला! दिवसा बाई लगेच पोहत पुन्हा तळ गाठायच्या. रात्री मात्र आधी काही सेकंद तशाच तरंगत राहायच्या. अलार्म बंद करून पाच मिनिटं पडून राहणारे आपण, अगदी तसंच. मग रात्री अधूनमधून पाण्याचे झोत मारून त्यांची झोपमोड केली. दुसऱ्या दिवशी बाई सुस्त!

२०२० मध्ये जपान आणि कोरियातल्या संशोधकांना बिनमेंदूचा हायड्राही झोपताना सापडला. जेलीफिशचं घराणं ५० कोटींहून अधिक वर्षं जुनं. म्हणजे झोप बहुधा मेंदूच्याही आधीची.

ती करते काय? एक धागा २०२१ मध्ये इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठात मिळाला. झेब्राफिशच्या चेतापेशींत जागेपणी डीएनएची मोडतोड साठत जाते, झोपेत तिची डागडुजी होते. प्रयोग माशांवरचा आहे, मान्य. पण झोपलेला प्राणी शत्रूच्या तोंडी आयता सापडतो. एवढा धोका असूनही कोट्यवधी वर्षांत निसर्गाने ही सवय मोडली नाही, तर ती चैन नक्कीच नसणार.

हा कॉलम मी नेहमी रात्री दोनला लिहायचो. आजचा दुपारी लिहिलाय. बिनमेंदूच्या बाईंना कळतं, मग आपल्याला का कळू नये?