पाठिंबा कोपीवर, मत आष्टीत

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत बीड मतदारसंघात वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला सुमारे ९२ हजार मते पडली. २०२४ मध्ये त्याच आघाडीच्या उमेदवाराला मिळाली ५० हजारांच्या आसपास. या पाच वर्षांत आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या तिन्ही तालुक्यांत मोबाइल वाढले, व्हॉट्सॲप गट वाढले, भाषणांचे तुकडे कापून त्यावर गाणे चढवणारी पोरे गावोगाव तयार झाली. मते मात्र निम्म्याच्या जवळ आली.

याच २०२४ च्या निकालात आणखी एक आकडा आहे, आणि तो आम्हाला जास्त टोचतो. एका अपक्ष उमेदवाराला ५४ हजारांहून अधिक मते पडली. त्याचा कोणता गट आमच्या पाहण्यात आला नव्हता, त्याच्या भाषणाची चित्रफीत कोणी पाठवली नव्हती. त्याचे चिन्ह तुतारी होते आणि शरद पवारांच्या पक्षाचे चिन्ह होते तुतारी वाजवणारा माणूस. एवढ्या साम्यावर, ज्याला कोणी ओळखत नव्हते तो माणूस रात्रंदिवस मोबाइलवर राबणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांच्या उमेदवाराच्या पुढे गेला. बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा पराभव केला तो अवघ्या ६,५५३ मतांनी, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे वजन कळते.

या घसरणीवर समाजात चर्चा होते, पण ती दोनच बोलांत संपते. एकजण म्हणतो, आपला प्रचार कमी पडला, अजून व्हिडिओ हवे होते. दुसरा म्हणतो, समाज फुटला, लोक विकले गेले. आम्हाला दोन्ही पटत नाही. लोक विकले गेले हे म्हणणे तर समाजाचा अपमान आहे. २०२४ मध्ये वस्तीवस्तीत संविधानाची काळजी होती, आणि त्या काळजीपोटी अनेकांनी विचार करून दुसरीकडे मत दिले. ते चूक की बरोबर यावर वाद घालता येईल, पण तो विचार होता. आमचे म्हणणे वेगळे आहे. आपला ऑनलाइन पाठिंबा खरा आहे, मनापासूनचा आहे, फक्त तो येतो उशिरा आणि येतो भलत्या ठिकाणाहून.

आधी तो आला कुठून ते पाहू. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि खेड्यातल्या पोराच्या हातात स्वस्त डेटा पडला. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगाव घडले. ३ जानेवारीच्या महाराष्ट्र बंदची हाक ॲड. प्रकाश आंबेडकरांनी दिली, ती आष्टी-कड्यापर्यंत मोबाइलवरूनच पोहोचली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला औरंगाबादच्या जबिंदा मैदानावर बाळासाहेब आणि ओवेसी एका मंचावर आले. वाहिन्यांनी अशा सभांना किती वेळ दिला हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मैदानातले लोक हात वर करून मोबाइलवर सभा थेट दाखवत होते आणि ती इथे समाजमंदिराच्या ओट्यावर बसून पाहिली जात होती. कोणी पगार दिला नव्हता, कोणी आदेश दिला नव्हता. २०१९ च्या मार्चमध्ये उमेदवारांची यादी आली, तिच्यात प्रत्येक नावापुढे जात लिहिलेली होती. ज्या जातींनी विधानसभेचे दारही पाहिले नव्हते त्यांची नावे त्या यादीत होती. तो कागद वणव्यासारखा पसरला. राज्यभरात ४१ लाखांहून अधिक मते पडली ती अशा वातावरणात. औरंगाबादची जागा इम्तियाज जलील यांनी ४,४९२ मतांनी जिंकली. बाळासाहेब स्वतः अकोला आणि सोलापूर दोन्हीकडे हरले.

हे काही आपल्याला नवे नाही. छापखाना आणि पैसा दुसऱ्यांच्या हाती असताना आपल्या लोकांनी जलसे उभे केले होते. ढोलकी, तुणतुणे आणि पाच-सहा गडी एवढ्या भांडवलावर बाबासाहेबांचा विचार गावकुसाबाहेर पोहोचला. कांशीराम साहेबांनी १९८८ च्या अलाहाबाद पोटनिवडणुकीत एक मत आणि एक नोट मागितली. पुढे जगाने ज्याला क्राउडफंडिंग म्हटले, ते आपल्याकडे सायकलवर फिरून झाले होते. फरक एवढाच की जलसा ज्या गावात व्हायचा तिथेच ऐकणारा राहायचा आणि नोट देणारा हात त्याच मतदारसंघातला असायचा.

आता जरा लांबचे उदाहरण घेऊ, कारण ऑनलाइन पाठिंब्याची गोष्ट निघाली की अमेरिकेचे नाव येतेच. आपल्याकडे बर्नी सँडर्सचे दाखले देणारे बरेच आहेत. त्यांनी २०१६ मध्ये बड्या देणगीदारांकडे न जाता सामान्यांकडून पैसा उभा केला आणि सरासरी देणगी २७ डॉलर असल्याचे ते प्रत्येक सभेत सांगत. पण तो पैसा नेमक्या कोणत्या वेळी आला हे आपण पाहत नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवण्यासाठी आधी पक्षांतर्गत निवडणूक होते. तिला प्रायमरी म्हणतात. राज्याराज्यांतले सामान्य मतदार तिथे मत देतात. म्हणजे सँडर्सच्या पाठीराख्यांनी पैसा आणि श्रम दिले ते तिकीट ठरण्याच्या आधी, तिकीट ठरवण्यासाठी. ते हरले, पण पक्षाला त्यांच्या मागण्यांची दखल घ्यावी लागली.

त्याच्याही आधी, २००३ मध्ये, हॉवर्ड डीन नावाचे एका छोट्या राज्याचे माजी गव्हर्नर इंटरनेटच्या बळावर अचानक पुढे आले. पैसा गोळा करण्यात त्यांनी आपल्या पक्षातल्या सगळ्या प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले. जानेवारी २००४ मध्ये आयोवा राज्यात पहिली लढत झाली. देशभरातून हजारो उत्साही पाठीराखे तिथे पोहोचले, डोक्यावर केशरी टोप्या घालून दारोदार फिरले. आयोवातल्या शेतकऱ्यांना हे परके लोक आपल्याला काय सांगायला आलेत ते कळेना. डीन तिसरे आले, जेमतेम १८ टक्क्यांवर. आमच्या वाचकांनी हे चित्र नीट डोळ्यांसमोर आणावे. पुणे-मुंबईहून गाड्या भरून आलेले कार्यकर्ते, गळ्यात निळे पंचे, दोन दिवस घोषणा, सेल्फी, आणि मतदानाच्या दिवशी बूथवर बसायला माणूस नाही. आपण ते पाहिलेले आहे.

मग प्रायमरी आपल्याकडे कधी झालीच नाही का? झाली. तीही आपल्या शेजारी. २०१४ च्या लोकसभेआधी राहुल गांधींच्या आग्रहाने काँग्रेसने देशात मोजक्या मतदारसंघांत उमेदवार ठरवण्यासाठी पक्षांतर्गत मतदान घेतले. महाराष्ट्रात ते वर्धा आणि लातूरला झाले. लातूर अनुसूचित जातींसाठी राखीव. तिथे दत्तात्रय बनसोडे निवडून उमेदवार झाले आणि नंतर भाजपच्या सुनील गायकवाड यांच्याकडून अडीच लाखांहून अधिक मतांनी हरले. वर्ध्यातही काँग्रेसच हरली. मोदी लाटेत काय टिकणार होते, असे म्हणता येईल. पण मूळ दोष त्या आधीचा होता. त्या मतदानात मत होते ते पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना. राखीव मतदारसंघातल्या वस्तीतल्या माणसाला कोणी विचारले नव्हते. प्रयोग गुंडाळला गेला आणि त्याची आठवणही कोणी काढत नाही.

आजही सर्व पक्षांत, आपल्या पक्षांसह, यादी वरून येते. ती आली की आपले गट कामाला लागतात. नाव आवडले नाही तरी लागतात, कारण चळवळ मोठी, माणूस छोटा. म्हणून आपला पाठिंबा टाळ्यांसारखा झाला आहे. नाटक ठरले, नट ठरले, पडदा वर गेला की वाजवायच्या. आष्टीत आमच्या एका गटात २०२४ ला उमेदवाराचे नाव कळले तेव्हा पहिला प्रश्न आला, चिन्ह काय? कारण २०१९ च्या लोकसभेला कपबशी होती, विधानसभेला गॅस सिलिंडर, आणि २०२४ च्या लोकसभेला कुठे प्रेशर कुकर, पुण्यात रोडरोलर. नवे चिन्ह म्हातारीच्या डोळ्यांपर्यंत पोहोचवण्यातच निम्मी निवडणूक निघून जाते. तुतारीने काय केले ते वर सांगितलेच.

आता दुसरी गोष्ट, भलत्या ठिकाणची. आष्टी तालुका म्हणजे कोयत्याचा तालुका. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रकमध्ये बसतात. कोणी कोल्हापूर-सांगलीला, कोणी सोलापूरला, कोणी कर्नाटकात. फडाजवळ कोपी पडते आणि तिथे रात्री मोबाइलचा उजेड दिसतो. आपल्या गटांमधले कित्येक जण हेच. दिवसभर मोळ्या बांधून आलेला पोरगा रात्री दहाला बाळासाहेबांचे भाषण चार गटांत टाकतो. पाचच ठिकाणी पुढे पाठवता येते ही मर्यादा २०१८ पासून आहे, तर हा पठ्ठ्या पाच-पाच करत सगळ्यांना पाठवतो. पण त्याचे नाव मतदार यादीत आहे ते आष्टीतल्या त्याच्या गावात. २०१९ ला विधानसभेचे मतदान दिवाळीआधी, २१ ऑक्टोबरला झाले, तेव्हा बरेच जण घरी होते. २०२४ ला ते २० नोव्हेंबरला झाले. दिवाळी होऊन गेली होती, टोळ्या निघालेल्या होत्या, गाळप सुरू होत होते. लोकसभेला हे अंतर पडत नाही, कारण एप्रिल-मेमध्ये माणसे परतलेली असतात.

ज्याच्याकडे पैसा आहे तो अशा वेळी गाड्या पाठवतो. मतदारांना फुकट वाहनाने बूथवर नेणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचार आहे, पण कोपीवरून गावापर्यंतच्या रस्त्यावर कायदा कोणाला भेटतो? आपल्या उमेदवाराकडे गाडी नाही, असायलाही नको. मग कोपीवरचा तो पोरगा निकालाच्या दिवशी आकडे पाहतो आणि लिहितो, समाज झोपला. तो झोपला नव्हता, तोही जागाच होता, दोनशे-तीनशे किलोमीटरवर.

निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्र पक्षांना दाखवायला बोलावले होते. एका यंत्रावरून ७२ मतदारसंघांचे मतदान घेता येईल, अशी ती कल्पना. विरोधी पक्षांनी शंका घेतल्या, त्यातल्या काही रास्त होत्या. यंत्रांवर आपलाही विश्वास कमीच आहे. पण ऊसतोड कामगाराच्या मताचे काय करायचे, हा प्रश्न त्या शंकांबरोबरच बासनात गेला. मराठवाड्यातल्या किती आंबेडकरी संघटनांनी त्यावर निवेदन दिले? आमच्या गटांत त्या महिन्यात त्यावर एकही ओळ आली नव्हती, हे आम्ही कबूल करतो.

पैशाचेही असेच. २०१९ ला बिहारमधल्या बेगुसरायला कन्हैया कुमार यांनी लोकवर्गणीतून ऑनलाइन ७० लाख रुपये जमवले, म्हणजे तेव्हाच्या खर्चमर्यादेइतके. देशभरातून कलावंत आले. चार लाखांहून अधिक मतांनी पराभव झाला. वर्गणी देणारे दिल्ली-मुंबईत, मतदार बेगुसरायला. दूरवरच्या पाठिंब्याला आम्ही कमी लेखत नाही. पुण्यात आयटीत असलेली आष्टीची मुले पैसे पाठवतात, ते पाठवावेतच. पण त्या पैशाने आजवर फ्लेक्स आणि डीजे झाला. बूथवरचा प्रतिनिधी दिवसभर उपाशी बसला आणि संध्याकाळी १७ सी चा कागद न घेताच घरी गेला, असे आमच्याच एका गावात घडले.

आणखी एक सांगितले पाहिजे. २०२४ च्या लोकसभेनंतर बीड जिल्ह्यात पोस्टींवरून जे घडले, जातीजातींत जे विष पसरले, त्यात आपली पोरेही कधी या बाजूने तर कधी त्या बाजूने ओढली गेली. दोन मोठ्या समाजांच्या भांडणात दुसऱ्याची पोस्ट पुढे ढकलायची आणि ठाण्यात बसायचे आपण. ज्या बोटांनी २०१९ ला स्वतःचा पक्ष उभा केला, ती बोटे दुसऱ्याच्या शिवीगाळीला लागली. हा पाठिंबा नव्हे, हे वेठ आहे.

मग करायचे काय? विधानसभेची यादी आपल्याला विचारून येणार नाही. पण जिल्हा परिषद आणि पंचायत समिती? बीड जिल्हा परिषद २०२२ पासून प्रशासकाच्या हाती आहे. निवडणूक जेव्हा लागेल तेव्हा लागेल, पण गणातला उमेदवार ठरवायला मुंबईची गरज नाही. गणातल्या पाच-सहा गावांच्या बौद्ध विहारांत, आणि जमेल तिथे मातंग, धनगर, मुस्लिम, भटक्या वस्त्यांत बसून, इच्छुकांना समोर उभे करून प्रश्न विचारता येतात. बाहेरगावी असलेल्यांना व्हिडिओ कॉलवर घेता येते. कोणते नाव पुढे करायचे यावर त्यांचे मत घेता येते. इथे कोपीवरच्या मोबाइलला खरी किंमत आहे, कारण तिकिटाआधीच्या मतासाठी आष्टीत असावे लागत नाही. पक्ष ऐकेलच असे नाही. पण पंचायत समितीच्या एका गणात चारशे माणसांनी नाव सुचवले आणि पक्षाने दुसरेच दिले, तर निदान कोणी कोणाला डावलले हे सगळ्यांसमोर राहील.

दुसरे काम रूक्ष आहे. प्रत्येक निवडणुकीनंतर फॉर्म २० निघतो, त्यात बूथनिहाय मते असतात. २०१९ आणि २०२४ चे दोन्ही कागद समोर ठेवून आपल्या गावाचा बूथ शोधायचा. नंतर मतदार यादी घेऊन बाहेर गेलेल्यांची नावे, कोणत्या कारखान्यावर, कोणत्या मुकादमाकडे, हे लिहून काढायचे. आमच्या गटातल्या दोघांनी एका गावापुरते ते सुरू केले आहे. वही अर्धी झाली आहे. ती अशोक विजयादशमीच्या आत पूर्ण करायची आहे, कारण धम्मचक्र प्रवर्तन दिनाची वंदना झाली की दोन-चार दिवसांत वस्तीतली निम्मी घरे कुलूपबंद होतात.