अंगण वांकडें असेल तर?

'नाचतां येईना अंगण वांकडें' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. स्वतःच्या उणिवेचा दोष दुसऱ्या कशावर ढकलणाऱ्या मनुष्यास ती चांगली चपराक आहे. परंतु वाचकहो, एखादे वेळीं अंगण खरोखरच वांकडें असूं शकतें. अशा वेळीं नाचणाऱ्यास हिणवणें हा न्याय नव्हे. संगणकावरील खेळांच्या बाबतींत असा एक प्रसंग आमच्या पाहण्यांत आला, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कनेरगांव नाक्याच्या एका विद्यार्थ्यास संगणकावरील नेमबाजीच्या खेळाची आवड आहे. त्याच्या वडिलांनीं हळदीच्या पैशांतून त्यास नवा मॉनिटर घेऊन दिला. सेकंदास १४४ वेळां चित्र बदलणारा पडदा म्हणून त्याची किंमत अधिक मोजावी लागली. मुलगा सहा महिने खेळला व सहा महिने हरला. शेवटीं "आपला हातच जड आहे" असें म्हणून त्यानें खेळ सोडला, आणि पैसे पाण्यांत गेले म्हणून वडीलही कष्टी झाले. आम्हीं यंत्र पाहिलें तों काय? पडदा सेकंदास १४४ ऐवजीं अवघा ६० वेळां बदलत होता, कारण विंडोजमध्यें तो आकडा कोणीं बदललाच नव्हता. खेळ जुन्या धर्तीचा असून एका खिडकींत चालत होता, आणि वर व्ही-सिंक चालू होतें. मुलाचा हात जड नव्हता. अंगणच वांकडें होतें.

हें वांकडेपण समजण्यास आमच्या गांवाचें नांवच उपयोगी पडतें. निजामाचें राज्य व वऱ्हाड यांची सीमा या भागांतून जात होती. हैदराबाद संस्थानाची जकात निराळी असल्यामुळें सीमेवर करोडगिरीचे नाके असत, आणि तेथें माल तपासून घेतल्यावांचून गाडी पुढें जात नसे. १९४८ सालीं तें राज्य गेलें. पण बैल कितीही चपळ असला तरी गाडी केव्हां पोंचेल हें नाक्यावर ठरतें, ही गोष्ट कायमची खरी आहे. माउसचें बटण दाबल्यापासून पडद्यावर बार उडालेला दिसेपर्यंत त्या संदेशासही असेच नाके ओलांडावे लागतात. प्रथम माउस, साधा माउस सेकंदास १२५ वेळां, म्हणजे ८ मिलिसेकंदांनीं एकदां, संगणकास वर्दी देतो, तर चांगला माउस १००० वेळां देतो. पुढें खेळाचें गणित, मग ग्राफिक्स कार्डाचें चित्र काढणें, तयार चित्रांची रांग, विंडोजची तपासणी व शेवटीं पडदा. या सर्व ठिकाणच्या खोळंब्याची बेरीज म्हणजेच इंग्रजींत ज्यास 'इनपुट लॅग' म्हणतात तो विलंब होय.

यांपैकीं विंडोजचा नाका पुष्कळांस ठाऊक नसतो. खेळ तीन रीतींनीं दाखवितां येतो : संपूर्ण पडदा एकट्या खेळाच्या स्वाधीन करून, चौकटीच्या खिडकींत, किंवा पडदाभर पसरलेल्या बिनचौकटीच्या खिडकींत. पहिल्या रीतींत चित्र सरळ पडद्याकडे जातें. खिडकींत मात्र तें प्रथम विंडोजच्या कारकुनाच्या हातीं पडतें. तो सर्व खिडक्यांचीं चित्रें एकत्र जुळवितो, आणि पडद्याची पुढली पाळी आली म्हणजे तीं पाठवितो. पडदा ६० वेळांचा असेल तर एक पाळी चुकणें म्हणजे सुमारें १६.७ मिलिसेकंद गेले. १४४ वेळांचा असेल तर सुमारें ६.९. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, या कारकुनास रजा देण्याची सोय राहिली नाहीं. म्हणूनच 'खेळ नेहमीं पूर्ण पडद्यावरच खेळावा' असा उपदेश जुने खेळाडू करीत असत.

परंतु हा उपदेश आतां अर्धाच खरा आहे. विंडोज १० पासून नव्या धर्तीचे खेळ बिनचौकटीच्या खिडकींतूनही कारकुनास वगळून थेट पडद्याकडे चित्र पाठवूं शकतात, आणि विंडोज ११ मध्यें कित्येक जुन्या खेळांसही ही सवलत देणारी कळ ठेविली आहे. तेव्हां ऐकीव नियमावर विसंबून न राहतां आपल्या यंत्रावर स्वतः पडताळा घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

आतां व्ही-सिंकचा विचार करूं. पडदा एक चित्र रंगवीत असतां मध्येंच दुसरें आलें तर वर जुनें व खालीं नवें असें फाटकें चित्र दिसतें. तें टाळण्यासाठीं व्ही-सिंक चित्रास एस. टी. च्या वेळापत्रकानें चालवितें. ठरल्या मिनिटालाच गाडी सुटावयाची. उतारू क्षणभर उशिरा आला तर त्यानें पुढल्या गाडीपर्यंत थांबावें, आणि लवकर आला तर रांगेंत बसावें. चित्र स्वच्छ दिसतें, पण रांगेंतील प्रत्येक चित्र शिळें होत जातें. पडदा ६० वेळांचा असून एकेक चित्र काढण्यास १६.७ ऐवजीं १७ मिलिसेकंद लागूं लागले, तर केवळ दोन चित्रांच्या साध्या योजनेंत खेळाचा वेग एकदम ६० वरून ३० वर येतो. एका निसटत्या क्षणाची ही केवढी शिक्षा!

यावरचा तोडगा म्हणजे अनुकूल समकालन, ज्यास 'अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक' म्हणतात. एनव्हिडिया कंपनीनें २०१३ मध्यें 'जी-सिंक' जाहीर केलें. २०१४ मध्यें व्हेसा या संस्थेनें हीच सोय सर्वांसाठीं डिस्प्लेपोर्टच्या नियमांत घातली, व २०१५ मध्यें एएमडीचें 'फ्रीसिंक' वापरांत आलें. यांत वेळापत्रक नसतें. काळीपिवळी जीप जशी भरली कीं सुटते, तसें चित्र पूर्ण झालें कीं पडदा तें दाखवितो. फाटकेपणही नाहीं व व्यर्थ खोळंबाही नाहीं.

तथापि जीपलाही जाऊन परत येण्यास वेळ लागतोच. उतारू त्याहून भराभर येऊं लागले तर पुन्हां रांग जमते. म्हणून १४४ वेळांच्या पडद्यावर खेळाचा वेग १४० च्या आसपास बांधून ठेवावा, म्हणजे रांग लागत नाहीं. शिवाय ही सोय मंद यंत्रास वेगवान करीत नाहीं. यंत्र सेकंदास ४० चित्रें काढीत असेल तर दोन चित्रांतील अंतर २५ मिलिसेकंदांचेंच राहणार. ज्यास फाटकें चित्र चालतें व ज्याचें यंत्र पडद्याहून कितीतरी वेगवान आहे, त्यास सर्व समकालन बंद ठेवूनच सर्वांत कमी विलंब मिळतो. स्पर्धेंतील कित्येक खेळाडू तसें करतात. आणि जो विलंब इंटरनेटच्या तारेंत होतो, त्यावर यांपैकीं एकाही उपायाचा इलाज नाहीं.

कोणी म्हणेल, खेळाच्या मिलिसेकंदांची चर्चा शाळेच्या पुस्तकांत कशाला? ज्या मुलांनीं अभ्यास टाकून रात्रंदिवस पडद्यापुढें बसावें, त्यांची तरफदारी आम्ही करीत नाहीं. परंतु २०२३ मध्यें चीनमधील हांगझोउ येथें झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ई-क्रीडेस पदकें होतीं, आणि २०२५ च्या आपल्या केंद्रीय कायद्यानें पैशांच्या ऑनलाइन खेळांस बंदी करतांना ई-क्रीडेस मात्र मान्यता दिली. धांवण्याच्या शर्यतींत एका मुलाची रेघ चार पावलें मागें आंखली, तर ती शर्यत आपण मान्य करूं काय? शहरांतील मुलाच्या शेजारीं सांगणारे पुष्कळ असतात. खेड्यांतील मुलगा एकटा असतो. तो हरला म्हणजे आपणच मठ्ठ आहों असें समजतो. पैशाच्या हानीपेक्षां ही हानी आम्हांस मोठी वाटते.

म्हणून विद्यार्थिमित्रांस आमची विनंति आहे कीं, नवी वस्तु मागण्यापूर्वीं जुनी नीट लावावी. पडद्याचा आकडा तपासावा. खेळाची रीत, व्ही-सिंक व अनुकूल समकालन यांत एका वेळीं एकच बदल करावा आणि परिणाम वहींत टिपावा. मोबाइलवर सेकंदास २४० चित्रें घेणारें संथ चित्रण करतां येत असेल, तर आपलें बोट व पडदा एकत्र टिपून मधलीं चित्रें मोजावीं; प्रत्येक चित्र म्हणजे सुमारें ४ मिलिसेकंद. एकाच मोजणीवर न थांबतां दहा वेळां मोजून सरासरी काढावी. ही पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळाच नव्हे काय? आणि तिला खर्च कांहींच नाहीं.

वर सांगितलेल्या मुलाचा पडदा आम्हीं त्याच्याकडूनच नीट लावून घेतला. आतां तो प्रत्येक डाव जिंकतो असें नाहीं; पुष्कळदां हरतो. पण आपण कोठें चुकलों हें त्यास आतां दिसतें, आणि दुसऱ्या दिवशीं तो पुन्हां बसतो. अंगण सारखें करण्याचा खरा लाभ हाच. त्यानंतर नाच चुकला तर ती म्हण ज्याची त्यानें आपणांस लावून घ्यावी. तोंवर दुसऱ्यास ती ऐकविण्याची कोणीं घाई करूं नये.