ओढ्यातला मासा आणि उतारावरचे शेत

मृद व जलसंधारण आयुक्तालयास खुले पत्र
क्रांती चौक, छत्रपती संभाजीनगर

ओढ्यातल्या माशाचे बरेवाईट ओढ्यापेक्षा वरच्या शेतात जास्त ठरते. क्रांती चौकाच्या पश्चिमेला खाम वाहते, पूर्वेला सुखना. म्हैसमाळ-खुलताबादच्या डोंगरांतून येळगंगा आणि गिरिजा उतरतात. या सर्वांचे पाणी शेवटी गोदावरीला मिळते आणि त्याबरोबर शिवारांची मातीही जाते.

पावसाळ्याच्या पहिल्या पुरांना नदीतले मासे उलट्या धारेने ओढ्यांत शिरतात. हेच चढणीचे मासे. काही जाती उथळ वाहत्या पाण्यात गोट्या-वाळूवर अंडी टाकतात, काही पाण्याखाली गेलेल्या गवतात. शेते उघडी असण्याचा काळही नेमका हाच: नांगरट, वखरपाळी उरकलेली आणि कपाशी, मका जेमतेम उगवलेली. काळ्या जमिनीतली चिकणमाती इतकी बारीक असते की पाणी लवकर निवळत नाही. प्रवाह मंदावला की गाळ गोट्यांच्या फटींत बसतो, तिथे पाणी खेळत नाही आणि अंडी प्राणवायूवाचून मरतात. मुरीसारख्या तळाच्या माशांचा आसरा जातो, त्यांचे खाद्य असलेले किडेही कमी होतात. हवेतला प्राणवायू घेऊ शकणारी मरळ तगते, बाहेरून आलेली चिलापीही तगते. त्यामुळे जाळ्यात मासे मिळत राहतात आणि ओढा बरा असल्याचा समज होतो.

उपाय जुने आणि ठाऊक असलेले आहेत: उताराला आडवी पेरणी, सांडव्यासह बांधबंदिस्ती, रुंद सरी-वरंबा, बांधावर खस गवत. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या एसआरटी (सगुणा रिजनरेटिव्ह टेक्निक) पद्धतीत नांगरटच टळते आणि पिकाची मुळे जमिनीत राहून माती धरून ठेवतात. जालना जिल्ह्यातील कडवंचीत १९९६ पासून इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचे काम शेताच्या बांधापासून सुरू झाले. कडवंचीची ख्याती आज द्राक्षांसाठी आहे, पण अशा कामाचा माशालाही थेट फायदा असतो. शेतात मुरलेले पाणी पुढे झिऱ्यांतून ओढ्याला परत मिळते, डोह उशिरापर्यंत टिकतात, आणि ज्या डोहात मासा उन्हाळा काढतो तिथूनच पुढच्या वर्षीची चढण सुरू होते.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र सर्वांत दुर्लक्षित आहे. ओढ्याचा काठ शेवटच्या तासापर्यंत नांगरला जातो. गवताचा एक पट्टा आणि करंज, जांभूळ, उंबराची रांग राखली तर वाहून येणारी माती, युरिया आणि फवारणीचे अंश बरेचसे काठावरच अडतात. सावलीने पाणीही थंड राहते. अर्थात दोन एकरवाल्याला पट्टा सोडणे परवडत नाही. त्यामुळे आयुक्तालयाने काठाच्या पट्ट्याला पाणलोटाचे काम मानावे आणि त्या जमिनीचा मोबदला आराखड्यात धरावा. एखाददुसऱ्या शेताने फरक पडत नाही. अमेरिकेतील ईरी सरोवराच्या पश्चिम पाणलोटावरील अभ्यासही हेच सांगतो: ओढ्यातले मासे सावरायचे तर बहुसंख्य शेतांवर काम व्हावे लागते.

‘माथा ते पायथा’ हे पाणलोटाचे मूळ सूत्र. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात अनेक ठिकाणी ते उलटे झाले आणि पोकलेन थेट नाल्यात उतरले. खोदाई घनमीटरवर मोजता येते, हे तिचे मोठे आकर्षण. पण सरळसोट खोल चर म्हणजे ओढा नव्हे. त्यात गोट्यांचा उथळ भाग उरत नाही, डोह उरत नाही, काठची मुळेही उरत नाहीत. वरची शेते उघडीच असल्याने चर पुन्हा गाळाने भरतो. वरच्या शिवाराची बांधबंदिस्ती पूर्ण झाल्याशिवाय खोलीकरणाला मंजुरी देऊ नये आणि जिवंत डोहांना यंत्र लावूच नये.

बंधाऱ्यांतही भेद करावा लागेल. कोल्हापुरी बंधाऱ्याचे दरवाजे पावसाळ्यात काढलेले असतात, तेव्हा मासा वर जाऊ शकतो. पहिल्या पुराआधी ते खरोखर निघाले का, एवढे पाहावे लागते. सिमेंट नाला बांध मात्र बारमाही भिंत आहे. तिच्या खालच्या अंगाला मोठ्या दगडांचा खडबडीत, मंद उतार केला तर लहान मासे टप्प्याटप्प्याने चढू शकतात. वाल्मी या जल व भूमी व्यवस्थापन संस्थेने असा नमुना आधी येळगंगा आणि गिरिजेच्या लहान ओढ्यांवर करून पाहावा. जुलैमध्ये बांधाच्या वर कोणत्या जाती सापडतात आणि एप्रिलमध्ये कोणत्या डोहात पाणी उरते, याची नोंद मत्स्यव्यवसाय विभागाकडून काम सुरू होण्याआधी आणि नंतर घ्यावी.